अमेरिकेत हायब्रिड रायटिंग कोर्स: नुसतं लॉगिन म्हणजे हजेरी नव्हे!

अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षी लेखनाचा कोर्स करावाच लागतो. इंजिनीअरिंगवाल्यांचीही सहसा सुटका नाही. तो हायब्रिड असेल, तर काही तास वर्गात आणि उरलेलं काम कॅनव्हाससारख्या पोर्टलवर.

वर्ग कमी म्हणजे अभ्यास कमी, असं समजू नका. दर क्रेडिटमागे आठवड्याला साधारण ३ तास धरले जातात. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला ९ तास!

खरी गफलत पहिल्याच आठवड्यात होते. सिलॅबस उघडून चाळला, की हजेरी लागली असं वाटतं. पण केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीच्या नियमांत नुसतं लॉगिन सहभाग मानत नाहीत. चर्चेत काही लिहावं लागतं किंवा असाइनमेंट द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात काहीच न देणाऱ्याचं नाव काही महाविद्यालयं सरळ कमी करतात.

आपल्याकडून गेलेल्या मुलांना हे जास्त महागात पडू शकतं. एफ-१ व्हिसावर पदवीसाठी सत्रात साधारण १२ क्रेडिट लागतात. त्यांत पूर्ण ऑनलाइन कोर्स एकच धरतात. प्रत्यक्ष हजेरी सक्तीची असलेला हायब्रिड कोर्स मात्र ऑनलाइन गणला जात नाही. आपला कोर्स नेमका कशात मोडतो, हे प्रवेश घेतानाच महाविद्यालयाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या. उत्तर ई-मेलवर मागा.