एकाच सहीचे खाते

बँकेतील संयुक्त खात्यावर नावे दोघांची असली, तरी कधी कधी सही एकाचीच चालते. आपल्या मोजक्या जनुकांचेही तसेच आहे. 15व्या गुणसूत्राच्या एका भागात आईकडून आलेली काही जनुके मुळातच मूक असतात. तेथे वडिलांकडचा अंश गहाळ झाला, तर कारभार थांबतो. हाच प्रॅडर-विली विकार, 1956 साली झुरिचच्या डॉक्टरांनी नोंदवलेला. तान्हे बाळ लुळे पडते, दूध ओढत नाही. पुढे मात्र त्याची भूक शमतच नाही. गुलमंडीतील आपल्या घरांतून अशा मुलाला हावरट ठरवले जाते, आणि बोल लागतो सुनेच्या माहेराला. वस्तुतः हा दोष बहुधा वारशाने येत नाही. बीज तयार होताना वा गर्भ राहताना घडतो. मिथायलेशनच्या रक्ततपासणीने निदान होते. अशा मुलाला संयमाचा उपदेश निरुपयोगी. फराळाच्या कपाटाला कुलूपच लावावे लागते.