वारा पडतो तेव्हा

ऑलिंपिकमधल्या लांब उडीची अंतिम फेरी १८ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियोत झाली, तीही पावसात. कोळशाच्या राखेचा ट्रॅक भिजलेला, हवा गारठलेली आणि वारा समोरून. अमेरिकेचा राल्फ बोस्टन आणि सोव्हिएत संघाचा इगोर तेर-ओव्हानेस्यान या दोघांनीही त्याआधी ८.३० मीटरची हद्द ओलांडली होती. वेल्समधल्या नँटिमोएल या खाणीच्या गावचा लिन डेव्हिस जिंकेल, असं कुणाच्या फारसं मनात नव्हतं.

समोरचा वारा उडीचं नुकसान नेमकं कुठे करतो? हवेत, असं वाटतं. पण खेळाडू हवेत सेकंदभरही नसतो, तिथे थोडंच अंतर जातं. मोठा फटका बसतो तो धावताना. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला १० मीटर धावणाऱ्याला समोरून २ मीटर वेगाचा वारा लागला, की हवेच्या हिशेबाने त्याचा वेग १२ होतो आणि विरोध १०० वरून १४४ वर जातो. तोच वारा पाठीशी असेल, तर विरोध ६४ वर उतरतो.

आणि लांब उडीत वेग हेच सगळं भांडवल. ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत लांब जाते, असं आपण शाळेत शिकतो. दगडाच्या बाबतीत ते साधारण खरं आहे. उडी मारणाऱ्याचा पाय मात्र फळीवर सेकंदाचा जेमतेम आठवा भाग टेकतो. तेवढ्यात शरीर ४५ अंशांत वर न्यायचं, तर धावून कमावलेला वेग मोडावा लागेल. म्हणून पट्टीचे खेळाडू २० अंशांच्या आसपासच झेपावतात.

शिवाय फळी २० सेंटिमीटर रुंद. वारा बदलला की पावलं आखडतात किंवा लांबतात. पाय फळीच्या पुढे गेला तर उडी बाद, मागे पडला तर तेवढं अंतर वाया.

पाचव्या उडीआधी डेव्हिसने स्टेडियमच्या माथ्यावरच्या झेंड्याकडे पाहिलं. फडफड थांबून तो लोंबत होता. वरचा वारा पडला की काही क्षणांत खाली मैदानातलाही पडण्याची शक्यता असते, ही खूण त्याला पूर्वी सांगितली होती खुद्द बोस्टनने! डेव्हिस लगेच धावला. ८.०७ मीटर. बोस्टनने अखेरच्या उडीत ८.०३ पर्यंत मजल मारली, तेर-ओव्हानेस्यान ७.९९ वर राहिला. प्रतिस्पर्ध्याला अशी विद्या मोकळ्या मनाने देणाऱ्या बोस्टनबद्दल मला डेव्हिसइतकाच आदर वाटतो.

याला नशीब म्हणणं मला पटत नाही. वारा पडला हे नशीब. पण तो पडणार हे ओळखणं, आणि त्या मोजक्या सेकंदांत ओल्या राखेवरून पूर्ण वेगाने येऊन पाय अचूक फळीवर टाकणं, ही वर्षांची तयारी होती. दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, त्याने युरोपीय आणि राष्ट्रकुल अशी दोन्ही सुवर्णपदकं मिळवून ते सिद्धही केलं.

१९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये सगळंच उलट होतं. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरची विरळ हवा, राखेऐवजी कृत्रिम ट्रॅक. अमेरिकेच्या बॉब बीमनच्या उडीवेळी पाठीशी नियमात बसणारा कमाल, म्हणजे सेकंदाला २ मीटरचा वारा होता. बीमनने ८.९० मीटरची उडी घेतली. त्याच वर्षी ८.२३ ही आपली सर्वोत्तम उडी मारलेला डेव्हिस तिथे नववा आला.