नाव खोडलं म्हणून माणूस लपत नाही

शाळांच्या पटसंख्येचा तक्ता छापायचा, सही-शिक्का घ्यायचा, स्कॅन करून संकेतस्थळावर चढवायचा. झाली माहिती खुली, असं अनेक कचेऱ्यांत मानलं जातं. पण दोन तालुक्यांची तुलना करायची, तर त्या चित्रातले आकडे कुणाला तरी बसून पुन्हा टंकावे लागतात. केंद्र सरकारच्या 2012 च्या डेटा धोरणाला यंत्राला वाचता येईल अशी माहिती अभिप्रेत आहे. ती वापरण्याचा परवाना 2017 मध्ये आला. स्रोताचा उल्लेख करून कुणीही, अगदी व्यवसायासाठीसुद्धा, ती वापरू शकतो.

यापेक्षा घातक समज दुसरा : नावं काढली की माहिती निर्धोक. न्यूयॉर्कच्या टॅक्सी नियामकाने 2014 मध्ये एका नागरिकाच्या अर्जावर आदल्या वर्षीच्या सुमारे 17 कोटी फेऱ्यांच्या नोंदी दिल्या. गाड्यांचे परवाना क्रमांक सांकेतिक रूपात होते आणि ते रूप उलटं सोडवता येत नाही. पण क्रमांकांचा साचा ठरलेला, त्यामुळे शक्य क्रमांक मर्यादितच. एका अभियंत्याने ते सगळे तयार केले, प्रत्येकाचं सांकेतिक रूप काढलं आणि नोंदींशी जुळवलं. काही तासांत खरे क्रमांक उघडे पडले. चालकांची कमाई कळण्याजोगी झाली. टॅक्सीत चढताना ज्या प्रसिद्ध व्यक्तींचे फोटो निघाले होते, त्यांच्या फेऱ्याही सापडल्या.

आपल्याकडे तर इतकी खटपटही लागत नाही. दीडशे उंबऱ्यांच्या वाडीत ‘वय 34, विधवा, दोन एकर’ एवढं लिहिलं की नाव कशाला हवं? अशा ठिकाणी वयाचे गट करावेत, आकडे तालुक्याच्या पातळीवर द्यावेत. उलट सार्वजनिक पैशाचा हिशेब तपासायला लाभार्थीचं नाव आणि रक्कम लागतेच. बँक खातं लागत नाही. आधार क्रमांक जाहीर करायला तर आधार कायद्याचीच मनाई आहे.

आता तिसरा समज, जो मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो : व्यक्तीशी संबंधित काहीही यापुढे मिळणार नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(ञ) बदललं आणि वैयक्तिक माहिती न देण्याची सूट सरसकट केली. हा बदल मला चुकीचा वाटतो. पण कलम 8(2) शाबूत आहे. होणाऱ्या हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठं असेल, तर सूट असलेली माहितीही देता येते. नकार आला, तर अपिलात हे पोटकलम क्रमांकानिशी लिहावं आणि ते हित कोणतं, हेही त्याखालीच मांडावं.