स्वरयंत्र गेलं, शब्द नाही!

गळ्याच्या मधोमध बोट ठेवा आणि म्हणा, ‘काय करायलास?’ बोटाला थरथर जाणवली ना? ती स्वरयंत्राची. लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्यांना त्याची आकृती पाठच असेल. पण कॅन्सरमुळे हे यंत्रच काढावं लागलं तर?

ऑपरेशननंतर श्वासनळी मानेवरच्या छिद्राशी जोडतात. माणूस तिथूनच श्वास घेतो. फुप्फुसातली हवा तोंडात येत नाही, म्हणून आवाज बंद. पण जीभ, ओठ, दात शाबूत असतात. शब्द तेच घडवतात, त्यांना फक्त आवाज पुरवायचा असतो.

त्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, हवा अन्ननळीत घ्यायची आणि ढेकरासारखी बाहेर सोडत बोलायचं. खर्च नाही, पण सराव काही महिन्यांचा. दुसरा, गळ्याला लावायचं बॅटरीवरचं यंत्र. आवाज रोबोटसारखा येतो, पण लगेच बोलता येतं. तिसरा, श्वासनळी आणि अन्ननळीच्या मधल्या पडद्यात बसवलेली छोटी सिलिकॉनची झडप. मानेवरचं छिद्र बोटाने झाकलं की हवा अन्ननळीत जाते, तिथला भाग थरथरतो आणि आवाज उमटतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम यांनी ही पद्धत रूढ केली.

अडचण पैशांची. परदेशी झडप हजारो रुपयांची, आणि ती काही महिन्यांनी बदलावी लागते. शेतमजुराच्या घराला हे कसं झेपणार? बेंगळुरूचे सर्जन डॉ. विशाल राव यांनी उद्योजक मित्राच्या साथीने सुमारे ५० रुपयांची ‘ओम’ झडप तयार केली, ती याच प्रश्नातून.

झडप बसवली की काम संपलं, असं नाही. बोलायला शिकवणारा स्पीच थेरपिस्ट लागतोच. एमबीबीएस हुकलं म्हणून खचलेल्यांनो, ऐका: बारावी सायन्सनंतर ‘बीएएसएलपी’ हा चार वर्षांचा कोर्स आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तो शिकवतात. गावाकडे अशा माणसांची मोठी गरज आहे.

आणि हे आजपासून करा. घरात बिडी-तंबाखू असलेल्या कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसला असेल, तर काढा-गुळण्यांवर भागवू नका. नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभाग गाठा. लवकर सापडलं तर अनेकदा स्वरयंत्र वाचतं.

आणि फोनवर यंत्रासारखा आवाज आला, तर ‘राँग नंबर’ म्हणून कट करू नका. थोडं थांबा. पलीकडचा माणूस एकेक शब्द कमावून बोलतोय.