फुकटच्या रस्त्याची किंमत

गाडी घेऊन बाहेरगावी निघालेल्या माणसाला आमच्या मोर्शीत एक सल्ला हमखास मिळतो : ‘नाक्यावरून कायले जाता? अलीकडूनच वळा.’ सरकारी मराठीत ज्याला पथकर म्हणतात आणि लोक ज्याला टोल म्हणतात, तो चुकवण्यात पैशाच्या बचतीइतकाच सरकारला चकवल्याचा आनंदही असतो. पण टोल चुकवून धरलेला रस्ता खरोखर स्वस्त पडतो का? अर्थशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. नियम वाचणे आणि वहीत हिशेब मांडणे एवढेच मला येते. त्या हिशेबातून जे हाती आले, ते येथे मांडतो.

रस्त्याचा कर आपल्याकडे जुना आहे. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा, असे लोकपरंपरा सांगते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरचा अंतपाल ‘वर्तनी’ नावाचा पथकर घेतो. मालाने भरलेल्या वाहनाला सव्वा पण आणि खांद्यावर ओझे नेणाऱ्याला एक माष, असे त्याचे दर आहेत. त्यापुढची अट मला अधिक महत्त्वाची वाटते. वाटेत माल हरवला किंवा चोरीला गेला, तर भरपाई अंतपालाने करायची. म्हणजे कर घेणाऱ्यावर वाटेची जबाबदारी होती.

आजचा राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल २००८ च्या शुल्क नियमांनुसार ठरतो. २००७-०८ या आधारवर्षासाठी कारला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि ट्रक-बसला २ रुपये २० पैसे असा मूळ दर धरला गेला. त्यात दरवर्षी ३ टक्के, शिवाय घाऊक किमतींतील वाढीच्या ४० टक्के भर पडते. चोवीस तासांत परत आल्यास एकेरीच्या दीडपट रक्कम लागते. मासिक पास पन्नास एकेरी फेऱ्यांच्या रकमेच्या दोन-तृतीयांश किमतीला मिळतो. नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खासगी वाहनाला वेगळा स्वस्त पास आहे. मात्र त्याला वापरता येईल असा पर्यायी रस्ता वा सेवारस्ता नसेल, तरच.

आता उदाहरण. तिवसा आमच्या शेजारचा तालुका. तिवस्याहून अमरावतीला रोज कारने जाणाऱ्याला महामार्गावर नांदगाव पेठचा नाका लागतो. कुऱ्ह्याकडून वळसा घालून गेले तर तो टळतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून एकेरी टोल १०० रुपये धरू. महिन्यात बावीस दिवस जाणे-येणे झाले, तर दीडपट दराने ३,३०० रुपये होतात. मासिक पास ३,३३३ रुपयांना पडतो. म्हणजे पासाचा फायदा तेविसाव्या दिवसापासून सुरू होतो. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या सरकारी नोकराला त्याचा उपयोग जवळजवळ नाही. दुकानात सव्वीस दिवस राबणाऱ्याला आहे.

आता फुकटचा रस्ता पाहू. कार लिटरमागे सोळा किलोमीटर जाते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असे धरले, तर नुसत्या इंधनाचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपये येतो. परतीच्या सवलतीने एका बाजूचा टोल ७५ रुपये पडतो. याचा अर्थ, वळसा साडेअकरा किलोमीटरपेक्षा लांब असेल तर टोल वाचवूनही माणूस तोट्यात जातो. टायर, सस्पेन्शन आणि खड्डे यांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

१५ ऑगस्ट २०२५ पासून हे गणित पुन्हा बदलले. खासगी कार-जीपसाठी फास्टॅगचा वार्षिक पास ३,००० रुपयांना सुरू झाला. त्याची मुदत एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. फेरी पंधरा रुपयांना पडते. रोज जाणाऱ्याचा पास साडेचार महिन्यांत संपतो, तरी महिन्याचा खर्च ३,३०० वरून सुमारे ६६० रुपयांवर येतो. आता अडीच किलोमीटरचा वळसाही महाग झाला. मात्र एकदम तीन हजार भरण्याची ऐपत लागते, आणि पास फक्त राष्ट्रीय महामार्ग व द्रुतगती मार्गांवर चालतो.

राज्याच्या समृद्धी महामार्गावर तो चालत नाही. जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला. कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे नागपूर ते मुंबई सुमारे १,४४५ रुपये. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, हा लाभ मोठाच. पण दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना तेथे प्रवेश नाही. आमच्याकडे रोज कामाला जाणारा बहुतेक माणूस दुचाकीवर किंवा एसटीत असतो. त्याच्यासमोर निवड नसतेच. त्याला जुनाच रस्ता उरतो.

म्हणून त्या जुन्या रस्त्याचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात ट्रक सतत फिरवून रस्त्यांची चाचणी घेतली गेली. त्यातून निघालेला ठोकताळा असा : ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला, की रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते. भरलेल्या ट्रकचा एक ॲक्सल कारच्या ॲक्सलपेक्षा हजारो पटींनी रस्ता झिजवतो. टोल मात्र साडेतीनपटच. वजनाप्रमाणे कर घेणे न्याय्य, असे ॲडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिले होते. आपण वजन धरतो, पण झीज धरत नाही.

संत्र्याचे क्रेट भरलेला ट्रक टोल चुकवण्यासाठी आडरस्त्याने गेला, तर मालकाचे काही शे रुपये वाचतात. तो रस्ता इतक्या वजनासाठी बांधलेला नसतो. मग खड्ड्यांतून शाळेची मुले, दूधवाले आणि बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी जाते. ट्रकवाल्याने वाचवलेला टोल त्यांनी हप्त्याहप्त्याने भरलेला असतो.

कारवाल्याने टोल द्यावा की वळावे, याचे उत्तर प्रत्येकाच्या वहीत निघेल. टोल, जास्तीचे किलोमीटर आणि वेळ असे तीन रकाने पुरेत. रोज जाता-येता वीस-वीस मिनिटे वाचली, तर बावीस दिवसांत चौदा तास चाळीस मिनिटे होतात. त्याची किंमत ज्याची त्याने धरावी. चौथा रकाना मात्र वैयक्तिक वहीत बसत नाही, कारण तो पर्यायी रस्त्याच्या दुरुस्तीचा आहे. नियम पर्यायी रस्त्याकडे बोट दाखवून स्थानिकाचा स्वस्त पास नाकारतात. मग तो रस्ता जाण्याजोगा ठेवण्याचा खर्चही टोलच्या उत्पन्नातून झाला पाहिजे. नाका उभारतानाच आजूबाजूच्या रस्त्यांवरील जड वाहनांची मोजणी व्हावी, ती दरवर्षी जाहीर व्हावी आणि त्या प्रमाणात जिल्हा परिषदेला निधी मिळावा, एवढी मागणी आपण करू शकतो. कौटिल्याच्या अंतपालावर याहून अधिक जबाबदारी होती.