भज्यांचा कागद आणि हात धुण्याचं पाणी

कवीला आपली कविता कुठे भेटेल, याचा नेम नसतो. रविवारच्या पुरवणीत छापून आलेली माझी एक कविता मला त्याच आठवड्यात विजापूर वेशीतल्या एका गाड्यावर भेटली. तिच्यात मिरचीची भजी बांधलेली होती. शेवटच्या दोन ओळींवर तेल इतकं उतरलं होतं, की पाठीमागची जाहिरात आरपार दिसत होती. तेव्हा मी हसलो होतो. पण छपाईची शाई गरम, तेलकट पदार्थात उतरते आणि पोटात जाते. म्हणूनच वेष्टनाबाबतच्या २०१८ च्या नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून द्यायला मनाई केली. तळणीच्या तेलाचंही तसंच. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात घातक घटक वाढत जातात. ते २५ टक्क्यांपुढे गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम आहे.

हे सगळे नियम ज्या कायद्याखाली येतात, तो अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. प्रत्यक्षात लागू झाला ५ ऑगस्ट २०११ ला. त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. नमुना घ्या, खटला भरा, शिक्षा करा, असा त्याचा खाक्या. नव्या कायद्यातही शिक्षा आहेच. असुरक्षित अन्नानं कुणाचा जीव गेला, तर किमान सात वर्षांची कैद आहे. पण मला त्यातलं आवडलेलं कलम ३२ वं. दुकानात किंवा कारखान्यात उणीव आढळली, तर अधिकारी आधी सुधारणा नोटीस देतो. काय चुकलं आणि काय करायला हवं, ते लिहून देतो आणि किमान १४ दिवसांची मुदत देतो. तरीही फरक पडला नाही, तर परवाना स्थगित होतो, पुढे रद्द.

'सुधारणा' या शब्दानं सोलापूरकर जरा दचकतो, हेही सांगायला हवं. इंग्रजांनी काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि याच शहरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, तेही त्यांना 'सुधारण्यासाठी'. तो कायदा १९५२ साली गेला. त्या भागाला लोक अजून सेटलमेंट म्हणतात. तेव्हा सुधारणा म्हणजे माणसावर संशय नव्हे, ही खबरदारी इथं घ्यायलाच हवी.

आता आपल्या शेंगदाण्याच्या चटणीचं बघा. माझी अम्मी दाणे सुपात घेऊन तासभर निवडत बसायची. काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा बाजूला. 'एक कडू दाणा सगळी चटणी कडू करतो,' म्हणायची. शाळेत न गेलेल्या अम्मीला अफ्लाटॉक्सिन हे नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. दमट जागी साठवलेल्या शेंगदाण्यावर एक बुरशी येते आणि ती हे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालतं आणि घरच्या कढईत दाणे भाजून ते पुरतं जात नाही. त्यामुळे चटणीची खरी सुरक्षितता कांडपात नाही, कोरड्या गोदामात आणि निवडणाऱ्या बाईच्या बोटांत आहे.

चटणी आणि कडक भाकरी करून घर चालवणाऱ्या बायका आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत. २०११ च्या नियमांनी छोट्या उत्पादकाला परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली, वर्षाला शंभर रुपये. रक्कम जड नाही. जड आहे ते पुढचं. नियम म्हणतो, पाणी पिण्यायोग्य हवं, हात धुण्याची सोय हवी, कचऱ्याला झाकण हवं. नोंदणी आणि तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे राज्य सरकारकडे. पाणी, गटार आणि कचरा मात्र महापालिकेकडे. ज्या शहरानं चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षं काढली, तिथं गाडेवाल्याला अस्वच्छतेची नोटीस द्यायची, तर तिची एक प्रत महापालिकेलाही जायला हवी, असं माझं मत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती सांगितली आहे आणि तिच्यात ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे आहेत. जागेच्या वादाबरोबर तिथं नळाचाही विषय निघावा.

गिऱ्हाईकालाही एक हक्क आहे, फारसा कुणी वापरत नाही. विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. मात्र घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. दोष निघाला, तर फी परत मिळते.

परवा पुन्हा त्याच गाड्यावर गेलो. भजी द्रोणात मिळाली, आणि बाजूला हात धुवायला तोटीचा डबा. मुलाला विचारलं, पाणी कुठून आणतोस?

"घरून, चाचा. सायकलवर दोन कॅन. दुसरा संपला की गाडा बंद."