कोंडवाडा : प्रतिमा आणि वाचकाचा अनुभव

दलित कविता शिकवताना एक अडचण वारंवार जाणवते. प्रतिमा नीट पाहण्याआधीच विद्यार्थी तिचा अर्थ सांगून मोकळा होतो. दया पवारांच्या १९७४ सालच्या संग्रहाचे नाव उच्चारले, की नांदेडच्या माझ्या वर्गातून उत्तर येते : 'कोंडवाडा हे दलितांच्या घुसमटीचे प्रतीक आहे.' उत्तर चुकीचे नाही. लातूरला शिकताना मीही तेच पाठ केले आणि गुण मिळवले. माझ्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. छापील नोट्सपेक्षा आपल्याला काही अधिक ठाऊक असेल, असे मनातही आले नाही.

वास्तविक मला अधिक ठाऊक होते. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात कोंडतात. मालकाने दंड भरला की सोडतात. आमच्या गावच्या कोंडवाड्याची राखण आजोबांकडे होती. कोंडलेल्या जनावरांना पाणी दाखवण्याचे काम त्यांचे. पण ज्या विहिरीचे पाणी जनावरांना चाले, तिला आजोबांनी शिवायचे नव्हते. गावातल्या कुणी शेंदून वरून ओतले, तरच त्यांची बादली भरे. हे मी घरात ऐकले होते. परीक्षेत ते लिहिता येते, हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते.

हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळातल्या संग्रहांची नावे वेगळी दिसू लागतात. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ चा, वामन निंबाळकरांचा 'गावकुसाबाहेरील कविता' १९७३ चा, आणि मग 'कोंडवाडा'. तिन्ही नावांत जागा आहेत. गोलपिठा ही मुंबईच्या कामाठीपुऱ्यातली वस्ती. गावकुसाबाहेर कुणाची घरे होती, हे मराठवाड्यात सांगावे लागत नाही. या जागा कल्पनेतून जन्मलेल्या नाहीत. 'गोलपिठा'ला प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकरही ढसाळांसोबत त्या वस्तीत हिंडले होते. प्रतिमेचा अर्थ लावण्याआधी तिची जागा पाहावी लागते.

मग वाचकाचा स्वतःचा प्रतिसाद म्हणजे मनाला येईल तो अर्थ काय? तसे नव्हे. एकदा मी नोट्स बाजूला ठेवल्या आणि विचारले, 'कोंडवाडा कुणी पाहिला आहे?' एक शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, 'जनावराला आपला गुन्हा माहीत नसतो, सर. हिरवे दिसले म्हणून ते गेले.' मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, 'जनावराचा दंड मालक भरतो. आपला कुणी भरायचा?'

दोघांचे अनुभव वेगळे, पण दोघांनीही कोंडवाडा ही वस्तू सोडली नाही. म्हणून दोघांचेही अर्थ कवितेत टिकतात. मुलीच्या प्रश्नावर मात्र मला तिथे बोलता आले नाही. नंतर विचार केला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात ज्यांची घरे जळाली, माणसे गेली, त्यांनीच तो दंड भरला. माणसाला मालक नसतो. म्हणून कोंडवाड्याचे दार त्याला स्वतःच उघडावे लागते.

शिक्षकमित्रांना एवढीच विनंती आहे. उत्तरपत्रिकेत एखाद्याने आजोबांची बादली लिहिली, तर ते विषयांतर समजून खोडू नका. कवितेचा अर्थ तिथूनच सुरू झालेला असतो.